दोन बस्त्यांचं गोल्ड कार्ड

"रविशेठ, त्या पोरीची सोडचिठ्ठी व्हऊन सहा महिने झाले. अन् तिच्या बापाच्या दारात तुमचं गोल्ड कार्ड गेलं. 'दोन लग्नांचे बस्ते आमच्याकडंच बांधले, अभिनंदन' म्हणून."

"मी नाही पाठवलं, चिमाजीकाका. कॉम्प्युटर पाठवतो."

"त्याला काय, त्याला लेक नाय."

रविराज हसला. चिमाजीला त्या हसण्याचीच शिसारी आली.

चिमाजी मूळचा दिंडोरीकडचा. नाशकातल्या या साड्यांच्या दुकानात गादीवर बसून त्याची पंचवीस वर्षं गेली. लग्नाची कापडं घ्यायला येणाऱ्या माणसांना दुकानाचं नाव धड सांगता यायचं नाही; 'चिमाजीकडं चाललो' म्हणायची. हातात चहा आला की बाया पोटातलं ओठावर आणायच्या. कुणाची धाकटी लग्नाला आली, कुठली सोयरीक फिसकटली, व्याही कसा चेंगट. ते चिमाजीपाशीच राहायचं.

दोन हजार तीन साली रविराजनं सिडकोतलं नवं दुकान अन् हे जुनं, दोन्हींचे कॉम्प्युटर जोडले. गिऱ्हाइकाला नंबर, खरेदीवर गुण, गुणांवर भेटवस्तू. फॉर्म भरायला माणसं बुजायची. मग चिमाजीनंच कॉम्प्युटरवरच्या रूपालीशेजारी बसून नावं, गावं, लग्नाच्या तारखा, पाठच्या बहिणींची वयं, सगळं ओकून टाकलं. शेठनं खूश होऊन मनगटी घड्याळ दिलं. ते त्यानं गावात मिरवलं.

आता बस्ता म्हणजे दोन्ही व्याही एकाच गादीवर बसून बांधणार, बिलही एकच. त्या पोरीच्या लग्नात कॉम्प्युटरनं दोन घरांचं मिळून एक गिऱ्हाईक केलं अन् पत्ता लावला सहादूचा, पोरीच्या बापाचा. सोडचिठ्ठीनंतर नवऱ्याकडचे सिडकोत दुसरा बस्ता बांधून गेले, जुनाच नंबर सांगून. गुण दुप्पट झाले. कार्ड सहादूच्या घरी गेलं अन् पाकीट फोडलं वैष्णवीनं, त्याच पोरीनं. नवरा पुन्हा बोहल्यावर चढतोय हे तिला दुकानाच्या शुभेच्छांतून कळलं.

सकाळीच सहादू ते कार्ड चिमाजीपुढं टाकून गेला. "घरचं तुला सांगितलं व्हतं रं. दुकानाला नव्हतं." चहाला थांबला नाही.

"तिचं नाव तरी काढा त्यातनं," चिमाजी म्हणाला.

"नाव काढलं तर त्या नंबरचे गुणच जातील. नवऱ्याकडचे पक्की गिऱ्हाइकं आहेत, काका. असं करू, मुलीला सॉरीचं कार्ड पाठवू. वीस टक्के सूट टाकून. आज ना उद्या तिचंही दुसरं लग्न होईलच ना."

तोंडातली तंबाखू एकदम कडूजार लागली. चिमाजी मागल्या मोरीत जाऊन थुंकला, दोनदा चूळ भरली. नुसता शेठच घाण असता तर एवढ्यावर भागलं असतं.

बाहेर देवळ्याकडची जीप थांबली. बयाबाई नावाची म्हातारी गादीवर टेकताच सुरू झाली, "ही थोरली नात, भाऊ. हिच्या पाठीवर अजून दोघी..."

रूपाली फॉर्म घेऊन आलीच. "काका, त्या दोघींची वयं काय लिहू?"

"काय नको लिहू. शालू बघायला आल्यात त्या." मग म्हातारीकडं वळून तो हळू म्हणाला, "मावशी, च्या घ्या. घरचं मात्र इथं काय बोलू नका."

चिमाजीनं फळीवरचा गठ्ठा ओढला अन् पहिला शालू तिच्यापुढं झटकून पसरला.