नवरीचं नवं नाव

मे महिना आला की माझ्यातला मास्तर झोपायचा आणि कवी जागा व्हायचा. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास कल्याणकडचे आम्ही निम्मे शिक्षक सुट्टीत काही ना काही उद्योग करायचो, कारण पगारात घर भागत नसे. माझा उद्योग मंगलाष्टकांचा.

वरपक्षानं चिठ्ठीवर नावं द्यायची. मी ती माझ्या ठरलेल्या पाच कडव्यांत बसवायची, गुलाबी कागदावर छापून आणायची आणि मुहूर्ताला जाऊन खड्या आवाजात म्हणायची. नावं बदलली की कविता नवी! त्यातलं एक कडवं सासरच्यांना फार आवडे. त्यात नवरी पाटी-दप्तर हसत खाली ठेवते आणि आनंदानं संसाराला लागते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला मी एप्रिलात शब्द दिला होता. पोर हुशार, पुढच्या वर्षी सातवीच्या फायनल परीक्षेला बसायची होती, आणि घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालेलं. "सुट्टी लागली की तुझ्या वडिलांना भेटतो," असं मी म्हणालो होतो. सुट्टी लागली आणि माझी लग्नसराईही लागली. आज जाऊ, उद्या जाऊ, करत राहिलो.

अशात कळव्याच्या एका मिठागरवाल्याच्या मुलाचं लग्न आलं. ठाण्यातलं एक लग्न उरकून मी धापा टाकत पोचलो, तेव्हा अंतरपाट धरलेला होता. नवऱ्यामुलाच्या मागे उभा राहून सुरू केलं. पाटी-दप्तराचं कडवं लोकांच्या आग्रहावरून दोनदा म्हटलं.

अंतरपाट खाली आला. समोर माझी ती विद्यार्थिनी.

लग्नात नवरीचं नाव बदलतात आणि सासरचे ते आधीच ठरवून ठेवतात. चिठ्ठीत तेच नवं नाव होतं. तिचं माहेरचं नाव काय, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. ताशा वाजत होता, अक्षता पडत होत्या आणि ती नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. मला माझीच शिसारी आली.

तेवढ्यात तिचे वडील हात जोडून पुढे आले.

"बरं झालं गुरुजी, तुम्ही आलात. पोरगी हटूनच बसलेली. म्हणायची, गुरुजी येनार, लगीन थांबवनार. सकालपासून नुसती दाराकडे बघत होती."