आमच्या खलाशाचं लिनक्स

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं माझी आई म्हणायची. आमच्या घरी त्याने भिंत सोडून कॉम्प्युटर धरला, एवढाच फरक.

न्हावी म्हणजे माझा नवरा. सगळा मुरुगवाडा त्यांना आप्पा म्हणतो, म्हणून मीही आप्पाच म्हणते. मिसरूड फुटायच्या वयात बोटीवर गेले ते साठीला टेकल्यावर घरी आले. इंजिनरूममध्ये ऑइलर होते, म्हणजे यंत्रांना तेलपाणी करणारे. वर्षा-दीड वर्षाने सुट्टीवर यायचे, येताना साबण, अत्तर, टॉर्च आणायचे आणि घराची सवय व्हायच्या आत परत जायचे. वैष्णवी झाली तेव्हा ते ब्राझीलच्या कुठल्याशा बंदरात होते. सासरे गेले तेव्हा सुएझ कालव्यात. तक्रार नाही हो माझी. खलाशाशी लग्न लावलं की हे पदरी पडतंच. पण नवरा कायमचा घरी आला की बाईला विसावा मिळतो असं जे लोक सांगतात ना, ते साफ खोटं आहे.

आल्या आल्या त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. बोटीवर म्हणे प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. असेल. पण इथे मला मीठ सापडेना आणि चुलीवर आमटी उतू गेली. मग त्यांनी पाण्याचा पंप खोलला. मग शेजाऱ्याच्या माडाची झावळ आपल्या कौलांवर येते यावरून भांडण काढलं. ते मिटवता मिटवता माझ्या नाकी नऊ आले. आणि मग त्यांची नजर ओटीवरच्या कॉम्प्युटरकडे गेली.

तो कॉम्प्युटर माझा. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. टायपरायटरचे दिवस संपले तेव्हा हिंमत करून ही पेटी घेतली. लग्नपत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, बाराव्याची कार्डं, काय येईल ते करायचं. आणि दोन हजार सहा साली मला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं. वैष्णवी शिकली त्या शाळेला पन्नास वर्षं झाली, त्याची स्मरणिका. जाडजूड पुस्तकच म्हणा ना. प्रेसवाल्याने स्वच्छ सांगितलं होतं, "मालनताई, हे वेळेवर आणि नीट दिलंत तर यापुढचं पुस्तकांचं सगळं काम तुमच्याकडे." पत्रिका जुळवून जुळवून मी कंटाळले होते. मला ते काम हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

त्यात कॉम्प्युटरला व्हायरस लागला. लागला म्हणजे आप्पांनी लावला, कुणा मित्राकडून बोटीच्या फोटोंची सीडी आणून. रामआळीतले फारुकभाई दुरुस्तीला येतात, ते साफ करून जायचे आणि आठवड्याभरात परत तेच. एकदा वैतागून ते बोलता बोलता म्हणाले, "या विंडोजपेक्षा लिनक्स बरं. त्याला हे रोग होत नाहीत." झालं! आप्पांनी स्टँडवरून एक मासिक आणलं, त्याच्याबरोबर लिनक्सची सीडी फुकट.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "माझा मराठी फॉन्ट विंडोजशिवाय चालत नाही."

"अगो, विंडोज कुठे जातंय? दोन्ही राहतील. एका इंजिनावर दोन पाळ्या. एक तुझी, एक माझी."

मी काही वेडी नाही. आधी फारुकभाईंकडून झालेल्या पानांची सीडी काढून घेतली, मगच हात लावू दिला. त्या दिवशी आप्पा आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, चष्मा पुसून बसले. पडद्यावर इंग्रजीत एकेक प्रश्न यायचा आणि हे तो मोठ्याने वाचून मासिकात उत्तर शोधायचे. डिस्कचे तीन भाग होते. सी मध्ये विंडोज, डी मध्ये माझं काम, ई रिकामा. तो रिकामा भाग लिनक्सला द्यायचा होता. भाकऱ्या टाकून मी पिठाच्या हाताने मागे उभी. "डी ला हात लावाल तर याद राखा!" त्यांनी इंजिनाचा मोठा व्हॉल्व्ह फिरवावा तसं सगळा जीव एकवटून शेवटचं बटण दाबलं, आणि खरं सांगते, जमलं. कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची, हवं ते निवडायचं.

मग काय विचारता! सगुणा मासे घेऊन आली तर तिलाही आत बोलावून पडद्यावरचा लिनक्सचा पेंग्विन दाखवला. ती म्हणाली, "ह्यो खातत काय?" लिनक्सवर ना इंटरनेट लागत होतं ना आवाज येत होता, पण आप्पा खूश. माझं काम झालं की ते तिथे बसायचे, आणि मी म्हणायचे, बसू देत. निदान डब्यांवरचं लक्ष गेलं.

आता भारनियमनाचं सांगायला हवं. त्या वर्षी दिवसातून कितीदा लाइट जायची त्याला सुमार नव्हता. यूपीएस जेमतेम काही मिनिटं तग धरायचा. म्हणून फारुकभाईंनी आम्हा सगळ्या गिऱ्हाइकांना एक सवय लावली होती. लाइट गेली की कॉम्प्युटर बंद करत बसायचं नाही, झोपवायचा. एक बटण दाबलं की विंडोज आहे त्या स्थितीत निजतं, आणि लाइट आल्यावर उठवलं की उघडं पान जसंच्या तसं समोर. अर्ध्या ओळीवर सोडलं तर अर्ध्या ओळीवर. मला ती युक्ती इतकी अंगवळणी पडली होती की बंद करणं मी विसरूनच गेले होते.

दिवाळीनंतर असंच एका दुपारी लाइट गेली, मी विंडोज झोपवलं आणि पाठ टेकायला गेले. मान, खांदे, डोळे, सगळं आंबून गेलं होतं. शेवटची थोडी पानं राहिली होती आणि सोमवारी सगळं प्रेसला द्यायचं होतं. लाइट आली ती मला कळलीच नाही. आप्पांना कळली. त्यांनी लिनक्स चालू केलं, आत डी मध्ये डोकावले, आणि माझ्या फायलींचा पसारा त्यांना बघवेना. लेखांचा एक कप्पा, फोटोंचा एक, जाहिरातींचा एक, असं सगळं झकास लावून ठेवलं. मला मदत म्हणून! संध्याकाळी मी विंडोज उठवलं, दुपारचं पान समोर आलं, मी पुढे टाइप करत गेले, सेव्ह करत गेले. दुसऱ्या दिवशी उघडून बघते तर लेख उघडले की नुसते चौकोन आणि किडेमुंग्या. काही फायली नावालाही नाहीत.

फारुकभाई शुक्रवारी नमाजाहून थेट आमच्याकडे आले. बराच वेळ खटपट केली, मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "ताई, चूक कुणाचीच नाही, आणि दोघांचीही आहे. झोपवलेल्या विंडोजच्या डोक्यात घर जसं सोडलं तसंच असतं. मधल्या वेळात दुसऱ्याने सामान हलवलं, हे त्याला ठाऊक नसतं. जागं झालं की ते आपल्या आठवणीप्रमाणेच वागतं, आणि सगळ्याचा विचका होतो."

"म्हणजे आमच्या आप्पांसारखंच की!" माझ्या तोंडून निघून गेलं. मग थांबवेना. "वर्षानुवर्षं बाहेर राहायचं, आणि आलं की आपण गेलो तेव्हा होतं तसंच घर आहे असं धरून चालायचं! अहो, मधल्या काळात आम्ही काय निजलो होतो?"

फारुकभाई बिचारे चहा न घेताच निघाले. आप्पा उठले. पायरीवर जाऊन बसले. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त दमायला झालं होतं.

लिनक्सआधी काढून घेतलेल्या सीडीवर निम्मी पानं होती. बाकीची नव्याने करायची. शिक्षकांनी हाताने लिहून दिलेले कागद नशिबाने पिशवीत होते. मी ते समोर लावून बसले, पण कागदावरून पडद्यावर आणि पडद्यावरून कागदावर डोळे फिरवता फिरवता पाणी यायला लागलं. तेव्हा आप्पा उठून आले, स्टूल ओढून शेजारी बसले, कागद उचलला आणि म्हणाले, "मी वाचतो. तू फक्त टाइप कर."

दोन दिवस असंच चाललं. लाइट असेल तेव्हा ते वाचणार, मी बडवणार. लाइट गेली की कॉम्प्युटर रीतसर बंद, आणि दोघं अंधारलेल्या ओटीवर बसून. पेज खायचो, तीही तिथेच. सोमवारी पानं गेली प्रेसला, सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला राहील. एक जाहिरात राहिली तेवढी. पुढचं कामही मिळालं.

पण रविवारी दुपारी एक गोष्ट झाली. शाळेच्या इतिहासाचं प्रकरण चाललं होतं. आप्पा मान खाली घालून एका सुरात वाचत होते. वादळात छप्पर उडालं ते वर्ष झालं, नवी विहीर झाली. "त्याच वर्षी सहावीतील वैष्णवी नागवेकर हिने वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळवला."

ते थांबले. "ही आपली वैष्णवी?"

"नाहीतर कुणाची?"

"मला कोणी बोललं नाही."

"मी बोलले होते. सिंगापूरहून तुमचा फोन आला तेव्हा पहिलं तेच सांगितलं. तुम्ही 'बरं' म्हणालात, आणि कौलं शाकारून घेतलीस का, ते विचारलंत."

मी हे रागाने नाही म्हटलं. राग करायलाही अंगात जोर लागतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्या वाक्यावर बोट ठेवून ते पहिल्यापासून, सावकाश, परत वाचलं.

माझं ते टाइप करून झालं होतं. लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता आणि पुढे बरीच पानं होती. पण मी घाई केली नाही. कीबोर्डवर हात तसेच ठेवून ऐकत बसले.