गच्चीवर वाळवण होतं

आमच्या समोरच्या दारात राहणारे लेखक कसे गेले, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आणि ज्यांना आपल्याला माहीत आहे असं वाटतं, त्यांनी माझ्यासमोर ते बोलू नये, माझा पारा चढतो. मला एवढंच माहीत आहे की त्या दुपारी ते गच्चीवर कशाला गेले. मी पाठवलं होतं.

हे आता पोलिसांना सांगून झालंय. चौकीतल्या साहेबांनी निमूटपणे लिहून घेतलं, सही घेतली, चहा विचारला. कागदावर उंचावरून पडून मृत्यू असं आहे. कसे पडले, याच्यापुढे रेघ. पण हे सांगायला मला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत मी कशी वागले ते एकदा लिहून काढायचं म्हणून बसलेय.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला. चार मजले, लिफ्ट नाही. मी तिसऱ्यावर, माझ्या समोरच्या दारात ते आणि त्यांची बायको. बायकोने जन्मभर शाळेत शिकवलं, म्हणून अख्खी बिल्डिंग त्यांना बाई म्हणते. लेखकांना मी भावजी म्हणायचे. केवढं मोठं नाव! माझ्या मुलाला शाळेत त्यांचा धडा होता. त्यांच्या कादंबरीवर सिरियल काढायला गोरेगावच्या स्टुडिओतली माणसं गाड्या घेऊन यायची आणि आमच्याच गेटसमोर गाडी लावून वॉचमनशी हुज्जत घालायची. पण जिन्यात भेटायचे ते बनियनवर, हातात दुधाची पिशवी. मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं ऑपरेटर होते, तर मला म्हणायचे, "वहिनी, तुम्ही अर्ध्या मुंबईचं बोलणं ऐकलंय. तुम्ही लिहायचं सोडून मी काय लिहितोय?" मी म्हणायचे, "काय तरीच काय! ऐकलं असतं तर नोकरी राहिली असती का?"

गेली चार वर्षं त्यांचं लिहिणं बंद होतं. का, ते मी कधी विचारलं नाही. एका मुलाखतीत ते बोलून गेले की आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. पुढे लोकांनी हेच वाक्य धरून ठेवलं.

आता माझं. मी कोकणातली. मे महिन्यात वाळवण घातलं नाही तर मला वर्ष सुरू झाल्यासारखंच वाटत नाही. सोसायटीचा नियम आहे, गच्चीवर काही वाळत घालायचं नाही, कारण कठडा जुना आणि ठेंगणा, माझ्या मांडीला लागतो. पण दरवर्षी माझे पोह्याचे पापड सेक्रेटरीच्याही घरी जातात, त्यामुळे मे महिनाभर तो वर बघत नाही. पापड वर नेऊन पसरायचं काम माझं आणि कामवालीचं. आणि वारा सुटला की ते गोळा करायचं काम, गेल्या तीन-चार वर्षांपासून, भावजींचं. माझा गुडघा गेल्यापासून. ते स्वतःच म्हणाले होते, "मला तेवढंच एक काम द्या हो, निदान केलं की झालं असं तरी दिसतं."

त्या दिवशी सकाळी जुन्या सुती साडीवर पापड घातले, चार कोपऱ्यांना विटा ठेवल्या आणि खाली आले. त्याच सकाळी समोर भांडण झालं. जिन्यातून जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांनी ऐकलं. बाईंचा आवाज शाळेतला, दबक्या आवाजात बोलणं त्यांना जमतच नाही. "चार वर्षं त्या खुर्चीला चिकटून बसलाय! लिहू नका, पण उठा तरी! डॉक्टरकडे चला म्हणते तर तेही नाही!"

चारच्या सुमारास वारा सुटला. खिडक्या आपटायला लागल्या, समोरच्या मैदानातली धूळ उठली. मी लंगडत जाऊन त्यांची बेल वाजवली. "भावजी, माझे पापड! या मेल्या वाऱ्याला आजच मुहूर्त मिळालाय." ते म्हणाले, "जातो. कावळ्यांनी काय शिल्लक ठेवलंय बघतो." मी मागच्या मागे वळले आणि खिडक्या लावायला घरात शिरले.

मग वॉचमनची बोंब ऐकू आली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाहिलं. मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ, पांढरा सदरा.

माणूस काय करेल? खाली धावेल. मी वर गेले. गुडघा होता की नव्हता, आठवत नाही. गच्चीवर परातीत निम्मे पापड गोळा केलेले होते, निम्मे साडीवर होते. एका कोपऱ्याची वीट बाजूला झाली होती आणि साडीचं ते टोक कठड्यावर फडफडत होतं. दोन-तीन पापड कठड्याला लागून पडले होते. वाऱ्याने ते तिथे गेले, की भावजी त्यांच्यामागे वाकले, की साडी धरायला गेले, की त्यातलं काहीच नाही, कोण सांगणार? मी सगळं उचललं. साडीत पापड, परात काखेत, विटा गच्चीवरच्या टाकीच्या मागे. वारा सुटला की वाळवण उचलायचं, हात सवयीने चालले, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते निम्मं खरं आहे. निम्मी भीती होती. नियम मोडून मी तिथे वाळवण घातलं होतं आणि एका माणसाला वर पाठवलं होतं, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं. बोचकं पलंगाखाली सरकवलं आणि मग खाली गेले, सगळ्यांबरोबर रडले. रडणं खोटं नव्हतं.

संध्याकाळी पोलीस आले. बाई दिवाणावर बसल्या होत्या, आम्ही पाच-सहा बायका त्यांच्या भोवती. हवालदाराने एकेकीला विचारलं, शेवटचं कधी पाहिलंत. माझी पाळी आली. मी म्हटलं, "सकाळी. दूध घेताना." बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग खाली फरशीकडे. मला वाटलं, बिचारीला काही ऐकूच येत नसेल.

दुसऱ्या दिवशी गेटवर चॅनेलवाल्यांच्या गाड्या. एक पोरगी माइक धरून सांगत होती की गच्ची रिकामी होती, भर दुपारी रिकाम्या गच्चीवर माणूस एकटाच कशासाठी जाईल? मागे तो मुलाखतीतला तुकडा सारखा दाखवत होते. गच्ची रिकामी कुणी केली, ते मला ठाऊक होतं. मी टीव्ही बंद केला. शेजारच्या घरातून तोच आवाज येत राहिला.

मग सकाळचं भांडण बाहेर गेलं. कुणी सांगितलं माहीत नाही. सगळ्यांनीच सांगितलं असेल. "बायकोच्या जाचामुळे..." असं लोक मोबाईलवर लिहायला लागले. ज्यांनी त्यांचं एक पान वाचलं नसेल तेही. बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी ते पाठवलं, खाली हात जोडलेली चित्रं. मुलाला मी खरं सांगितलं तेव्हा तो घाबरलाच. "आई, तू आता गप्प बस. तेव्हा बोलली नाहीस, आता बोललीस तर तुझीच वाट लागेल ना." त्याला मी दोष देत नाही. मला तेच ऐकायचं होतं.

एकदा भाजीवाल्याच्या गाडीपाशी दुसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "बाई कडकच हो फार. माणूस किती सहन करणार?" आणि मी, मी काय केलं असेल? मान हलवली. हातात मेथीची जुडी घेऊन मी मान हलवली. हे लिहिताना अजून माझे कान गरम होतात.

बाईंना मी रोज डबा द्यायचे. कधी पिठलं-भात, कधी तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ. डबा द्यायचा, "जेवा हं" म्हणायचं आणि पळायचं. त्या दारात उभ्या राहायच्या, काहीतरी बोलतील असं वाटायचं, त्याच्या आत मी माझं दार लावलेलं असायचं. डबा घासूनपुसून परत यायचा. बिल्डिंगमध्ये माझं कौतुक चाललं होतं, शेजार असावा तर असा. ते ऐकलं की मी विषय बदलायचे.

मग कळलं की बाई घर बंद करून डोंबिवलीला बहिणीकडे चालल्यात, उद्या सकाळी टेम्पो येणार. दुपारी दोनला मी डबा न घेताच गेले. दोन दारांमध्ये पाच पावलं असतील.

घरभर खोकी. बाई चिकटपट्टी लावत होत्या. मी टेकायला गेले तर म्हणाल्या, "त्याच्यावर नको, कपबश्या आहेत. पुस्तकांच्या खोक्यावर बसा."

मी बसले आणि एका दमात बोलून टाकलं. "बाई, भावजींना वर मी पाठवलं होतं. माझं वाळवण होतं तिथे. नंतर मी जाऊन उचललं."

"माहितीय," बाई म्हणाल्या.

मी खोक्यावरून अर्धी उठले.

"जाताना दारातून ओरडून सांगितलं ना मला. समोरच्या वहिनींचे पापड आणतो म्हणून."

"मग तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात ना, सकाळी दूध घेताना पाहिलं. मी तिथेच होते वहिनी. भरल्या घरात तुम्हाला खोटं पाडू? आणि नंतर हे सगळं सुरू झालं, तेव्हा म्हटलं, एकीला बोलतायत तेवढं पुरे. दुसरीला कशाला त्यात ओढा?"

मला हुंदका फुटला आणि त्यातच राग आला. कुणाचा राग कुणावर काढत होते देव जाणे. "अहो, पण तुम्ही ऐकून कसं घेतलंत! तुम्हाला खुनी म्हणाले लोक! माझं नाव घ्यायचं होतंत ना, माझ्या दारात येऊन झिंज्या धरायच्या होत्यात!"

"आणि काय झालं असतं?" त्यांनी पट्टी दाताने तोडली. "पापड आणायला गेले, हे खरं. पापड आणायला गेलेला माणूस खाली कसा गेला, ते तुम्हाला माहितीय? मला नाही माहीत. मी रोज एकदा म्हणते पाय घसरला, आणि रोज एकदा म्हणते नाही. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणोत, माझ्या डोक्यात त्याहून जास्त चालू असतं."

मी म्हटलं, "मी उद्याच चौकीत जाऊन सांगते. सगळं सांगते."

"सांगा. सांगायलाच हवं तुम्ही. पण मी त्यासाठी नव्हते थांबले."

"थांबला होतात?"

"रोज दारात उभी राहत होते की नाही? वाटायचं, आज डबा देऊन पळणार नाहीत. आज आत येतील." त्या माझ्यासमोर दुसऱ्या खोक्यावर बसल्या. हातात पट्टीचं रीळ तसंच. "मला एकच विचारायचं होतं. सकाळी मी त्यांना तसं बोलले. त्यानंतर आमचं बोलणं नव्हतं. दारातून ओरडून गेले त्यालाही मी ओ दिली नाही. तुमच्याशी समोरासमोर बोलले ते. शेवटचं. चेहरा कसा होता त्यांचा?"

हसरा होता, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. सांगितले असते तर त्या निदान रात्री झोपल्या असत्या. आणि खोटं बोलायची मला काय लाज, याच खोलीत एक बोलून झालं होतं. मी डोळे मिटून आठवायला लागले. दार उघडलं ते आठवलं. चौकटीवर ठेवलेला हात आठवला. कावळ्यांचं बोलणं आठवलं, आवाज तर अगदी कानात होता. पण मी बघत कुठे होते? जिन्याच्या खिडकीकडे, उठलेल्या धुळीकडे.

"बाई, मी बघितलाच नाही हो," मी म्हटलं. "कावळ्यांनी काय शिल्लक ठेवलंय बघतो, असं म्हणाले. तेवढं ऐकलं. माझं लक्ष पापडांत होतं. चेहरा नाही बघितला."

आता तरी त्या ओरडतील, असं मला वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रीळ मांडीवर ठेवलं आणि माझा हात हातात घेतला.

"मीपण नाही बघितला," त्या म्हणाल्या. "मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. राग दाखवायचा होता ना त्यांना."