झेरॉक्सचा तिटकारा

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये तो नकली सीडी विकायचा. गिऱ्हाईक बोलत असताना हा सीडी शर्टावर पोटाशी पुसत राहायचा आणि मग गिऱ्हाइकाची अक्कल काढायचा.

एका जपानी कॉमिकवर दोनदा कार्टून मालिका निघाली होती. पहिलीच्या वेळी कॉमिक अर्धवटच होतं, म्हणून मालिकावाल्यांनी पुढची गोष्ट मनाने रचली. दुसरी मात्र कॉमिकबरहुकूम. मी अंबरनाथहून खास दुसरीसाठी गेलो होतो.

"वो तो किताब का झेरॉक्स है," तो म्हणाला. "जुनीत डोकं लावलंय."

जन्मभर दुसऱ्याच्या मालाच्या कॉप्या काढणारा माणूस मला हे शिकवत होता. मी तोंडावर हसलो आणि नवीच घेतली.

घरी लावली, तर नव्या कव्हरात जुनी. चारही सीड्या जुन्याच. रविवारी भांडायला गेलो. त्याचं पुसणं चालूच होतं.

"पूरा देखा?"

"देखा."

"शेवटपर्यंत?"

परत करायला आणलेल्या जुन्या सीड्या मी पिशवीतच राहू दिल्या. त्याने नवी मालिका काढून माझ्यासमोर टाकली.

"ले जा. तेरे जैसों के लिए ही बनी है."

ती अजून माझ्या कपाटात आहे. मी कधीच लावली नाही.