बांधावरून हौसाक्का

हौसाक्का मला आधी ऐकू आली, मग दिसली. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या एका पडीक रानात आम्ही पाच-पाच जणांचे दोन गट करून पेंटबॉल खेळत होतो. हवा भरलेल्या एका मोठ्या नळकांड्याआड मी दडलो होतो आणि आपण कुणालाच दिसत नाही अशा समजुतीत होतो. तेवढ्यात बांधावरून आवाज आला, "आरं ए पावणं! डाव्या अंगाला बघ की! आला न्हवं त्यो!" मी दचकून वळलो. खरंच एक जण रांगत आला होता. मी बंदुकीचा चाप ओढला, त्याच्या छातीवर हिरवा रंग फुटला आणि तो हात वर करून मैदानाबाहेर गेला. बांधावर पाहिलं तर डोक्यावर पदर, हातात विळा आणि शेजारी एक म्हैस. आभार मानायचे सोडून मला तिचा रागच आला. लपून खेळायच्या खेळात ही बाई अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडते म्हणजे काय!

ते रान तिचंच होतं. खडकाळ, उसाच्या कामाचं नाही, म्हणून तिनं ते आमच्या रविवारच्या खेळाला दिलेलं. ओढ्याच्या अलीकडून तिनं हाक मारली की पलीकडची म्हैस मान वर करते, असं गावात म्हणत. मी ते खोटं ठरवायच्या भानगडीत कधी पडलो नाही.

खेळ तसा सोपा. गॅसच्या बंदुकीतून रंगाच्या गोळ्या मारायच्या. अंगावर रंग फुटला की तो गडी बाद. लपायला हवा भरलेले आडोसे असतात. त्यांची इंग्रजी नावं हौसाक्काला जमेनात आणि जमवून घ्यायची तिला गरजही वाटली नाही. लांबलचक, बसका आडोसा होता, ती तिची 'म्हस'. अर्धगोल ती 'करंजी'. नळकांडं म्हणजे 'रांजण'. "म्हस रिकामी! करंजीमागं दोघं हायती!" असं ती बांधावरून सांगे आणि आम्ही तसे पळत असू. थोड्याच दिवसांत आमचा अख्खा संघ तिचीच नावं वापरायला लागला.

तेव्हा बाहेरून ओरडायला बंदी नव्हती. तो खेळाचाच भाग होता. स्पर्धांना आम्ही बंदुकांच्या आधी हौसाक्काला गाडीत बसवत असू. सांगलीच्या संघानं तिच्यावर उतारा म्हणून पत्र्याचा कर्णा घेतलेला एक धिप्पाड गडी आणला. त्याचा आवाज मोठा होता, पण तो नेमका चुकीच्या जागा सांगे. हौसाक्का त्याच्याकडे बघून म्हणाली, "पत्र्याला आवाज असतोय बाबा, डोळं नसत्यात." आवाजाबद्दल तिचं एकच मत होतं: "आवाज कामाचा पायजे. न्हाय तर तोंड मिटून गप बसावं."

मग खेळाला बरे दिवस आले. देशभरचे संघ घेऊन व्यावसायिक लीग निघाली आणि एका कंपनीनं आमचा संघ उचलला. पगार ठरला, करार झाला, पुण्याहून प्रशिक्षक आला. मी फाउंड्रीतली नोकरी सोडली. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "मुलीकडची माणसं आल्यावर काय सांगू? पोरगा रंग खेळायचा पगार घेतोय म्हणून?" कंपनीनं आधीच बजावलं होतं, पहिल्याच हंगामात तळाला राहिलात तर कोल्हापूरचा संघ बंद. आणि लीगचा एक नवा नियम होता. बाहेरून कुणी खेळाडूंना माहिती सांगायची नाही; मैदानातल्यांनी एकमेकांना सांगितलेलं चालेल. एकदा ताकीद, दुसऱ्यांदा कुणी बोललं तर त्या संघाचा एक गडी बाहेर.

नियम हौसाक्काला समजावून सांगितला होता. "कळलं की," ती म्हणालीही होती. पण पुण्याच्या सामन्यात आमचा पुढचा खेळाडू इरफान एकटा सापडला आणि ती जाळीला बिलगून ओरडली. ताकीद मिळाली. पुढच्याच डावात त्याच्या मागून एक जण सरकताना दिसला आणि ती परत ओरडली. इतक्या वर्षांची जीभ ती, एका नियमानं कशी वळणार? आमचा एक गडी बाहेर काढला आणि हातातला सामना गेला. परतीच्या बसमध्ये ती कऱ्हाडपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग एवढंच म्हणाली, "माझ्या तोंडानं घालवलं रं."

कंपनीच्या जाहिरात विभागातल्या एका पोरानं तिच्यासाठी तोडगा काढला. साडीवर संघाचा टी-शर्ट घालायचा, ढोल वाजवायचा आणि नुसत्या घोषणा द्यायच्या. माहिती काही सांगायची नाही. हौसाक्कानं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी नुसतंच वरडायचं? त्यापरीस कुत्रं बरं. ते चोर बघून तरी भुकतंय." टी-शर्ट मात्र तिनं ठेवून घेतला. पुढं तो गोठ्यात भांडी पुसायला दिसला.

दुसऱ्या दिवशी तिनं मला धरलं. माझं नाव तिनं 'मुक्या' ठेवलं होतं आणि ते खोटं नव्हतं. शाळेत हजेरीला मी "हजर" म्हटलेलं पहिल्या झटक्यात कुठल्याच गुरुजींना ऐकू गेलं नव्हतं. "मुक्या, तू समद्यांच्या मागं असतोस," ती म्हणाली. "समदं रान तुला दिसतंय. मग तोंडात काय मूग धरल्यास व्हय?" प्रशिक्षकानंही हेच पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं होतं, पण त्यानं माझं तोंड उघडलं नव्हतं.

तिची शिकवणी अशी: पोरं मैदानात खेळायची, मी मागून ओरडायचं आणि ती बांधावर मैदानाकडे पाठ करून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायची. माझ्या बोलण्यातून तिला खेळ दिसला पाहिजे.

"उजवीकडे एक जण!" मी ओरडायचो.

"कुणाच्या उजवीकडं? तुझ्या का माझ्या? मला दिसंना अजून."

"बहुतेक रांजणामागं..."

"बहुतेक तुझ्या घरात! हाय का न्हाय ते सांग. मला दिसंना अजून."

किती वेळा तिनं "मला दिसंना" म्हटलं असेल, देव जाणे. माझा घसा बसायचा, ती गुळाचा खडा द्यायची आणि परत पाठ फिरवायची. रागानं का होईना, माझा आवाज बांधापर्यंत पोचायला लागला.

हौसाक्का गेल्या पावसाळ्यात गेली. तिच्या दहाव्याला सांगलीचा कर्णेवाला आला होता. एवढा धिप्पाड गडी, कोपऱ्यात उभा राहून हुंदके देत होता. मला मात्र ती आठवते ती त्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यातली.

सामना कोल्हापुरात होता. जिंकलो तर संघ राहणार, हरलो तर बंद. अख्खं गाव लोटलं होतं. कुस्तीच्या फडात वाढलेली आमची माणसं; त्यांना गप बसून खेळ बघा म्हणणं म्हणजे पाण्याला वाहू नको म्हणण्यासारखं. कुणीतरी "करंजीमागं बघ!" म्हणून बोंबललंच आणि पंचानं ताकीद दिली. आता एक शब्द आला की आमचा गडी बाहेर. गर्दी तर चेकाळलेली.

तेव्हा हौसाक्का उठली. जाळीपाशी येऊन मैदानाकडे पाठ केली आणि गर्दीकडे तोंड करून म्हणाली, "आता एक जण जरी बोलला तर गाठ माझ्याशी हाय! पोरास्नी खेळू द्या!" सगळं गाव चिडीचूप झालं. गाव गप झाल्यावर ती माघारी वळेल असं मला वाटलं होतं. ती वळली नाही. पदराचा शेव तिनं दातात धरला आणि तशीच उभी राहिली. गावापेक्षा तिला स्वतःच्याच तोंडाची जास्त भीती होती. ज्या सामन्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता, तोच तिनं बघायचा नाही असं ठरवलं होतं.

शेवटी आम्ही दोघं उरलो, मी आणि इरफान. समोरही दोघंच. मी त्या पाठीकडे बघून पोटातून ओरडलो, "इरफान, म्हस रिकामी! एक रांजणामागं, त्याला मी गोळ्या मारून दाबून धरलंय! दुसरा करंजीमागं गुडघ्यावर, गोळ्या भरालाय! म्हशीच्या कडंनं लोळत जा, आत्ता!" इरफान गेला. करंजीमागचा बाद झाला, आणि त्याला वाचवायला रांजणामागून डोकावलेला माझ्या गोळीनं बाद झाला.

गाव मैदानात घुसलं. गर्दीतून वाट काढत मी जाळीपाशी गेलो. हौसाक्कानं आता कुठं तोंड वळवलं होतं. पदराचा शेव ओला झाला होता.

"करंजीमागला गोळ्या भराय गुडघ्यावर बसलाता न्हवं?" ती म्हणाली.

"व्हय आक्का."

"आन् इरफान म्हशीच्या कडंनं लोळत गेला."

"व्हय. पण तुम्ही एकदाही मागं वळून बघितलं नाही."

तिनं माझ्या रंगानं बरबटलेल्या गालावर हात ठेवला.

"दिसलं की रं," ती म्हणाली. "समदं दिसलं."