आकाशातला माल

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? डोळ्यांनी पाहणाऱ्यावर, की माल पारखणाऱ्यावर? चहा घ्या आधी, मग सांगतो मी कशी माती खाल्ली ते. हसाल, पण शेवटपर्यंत नाही.

आमचे पूर्वज फौजेबरोबर इंदूरला आले. त्यांच्या हातात तलवार होती, माझ्या हातात अडकित्ता आला. छत्रीबागेत सुपारीचं दुकान आहे आपलं. शिक्षण जेमतेम, पण शौक मोठा: आकाशातून पडलेले दगड जमवायचे. तेही लोकांनी पडताना पाहिलेले. ऐऱ्यागैऱ्या दगडाला आपण हात लावत नाही, भिया.

तर एका संध्याकाळी इथून जवळच, हातोद गावाच्या बाजूला, आकाशात आगीचा गोळा फुटला. दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन हजर. जो तो दगड आणून देतोय, शपथेवर सांगतोय, आमच्याच शेतात पडला. मी सगळे घेतले. दारी आलेल्या मालाला नाही कसं म्हणायचं?

शेवटचं घर मंजूचं. नवी सून. तिच्या डोळ्यांदेखत गोठ्याच्या छपराचे कवेलू फोडून दगड आत आला आणि म्हशीची पाडी जागीच गेली. सासू म्हणत होती, हिनेच रागाच्या भरात दगड घातला. कवेलू काय, माकडंही फोडतात. नवरा आईच्याच बाजूने. मंजूला माहेरी धाडायचं चाललं होतं.

तिने मुठीएवढा दगड माझ्या हातात दिला. "काकाजी, ये ऊपर से आया है. इतना किसी पढ़े-लिखे से लिखवा दो."

"काम झालं समज, बेटा," मी म्हणालो आणि दगड पिशवीत टाकला. त्याच पिशवीत.

आता माझी अक्कल बघा. सुपारी आतून पाहिल्याशिवाय मी उभ्या जन्मात घेतली नाही. घरी येऊन एकेक दगड हातोडीने फोडला, चाळणीने चाळला, तीन डबे भरले. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांपुढे ते ओळीने मांडले आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो.

त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, काही तुकडे खरोखर आकाशातले आहेत, बाकी सडकेची गिट्टी, साधी खडी. गोठ्यातला कोणता तेवढं दाखवा, आत्ता लिहून देतो.

मी डब्यांकडे पाहिलं.

"साहेब, ही मोठी, ही मधली, ही बारीक."

तसाच हातोदला गेलो. म्हटलं, तोंडानेच सांगू. आकाशातून दगड पडले हे पक्कं, असं सासूला म्हणालो. ती ओसरीवरून उठली पण नाही. "गिरे होंगे, सेठजी. इसका वाला गिरा क्या? बेटे की कसम खाके बोलो."

गल्ल्यावर बसून दिवसभर शपथा खाणारा मी, त्या वेळी जीभ उचलेना. मला माहीतच नव्हतं ना!

मंजूची पेटी दाराशी तयार होती. निघताना म्हणाली, "काकाजी, मेरा वाला तो दे दो."

मी तिन्ही डबे पुढे केले. तिने आत पाहिलं, झाकणं लावली आणि डबे परत दिले.

बाजारात मला पारखी म्हणतात. तुम्ही कधी असला शौक केलात तर एवढं ऐका माझं: ज्याचा दगड त्याच्या नावाच्या पुडीत बांधा, हिशेब इमानदारीने ठेवा. दिवसभर पुड्याच तर बांधतो मी. त्या दिवशी एक बांधली नाही.