कांजीचा फेटा

"वारा बघायचा पगार घेतोय गडी!" असं म्हणून गावातली माणसं माझी टर उडवायची. उडवा म्हटलं, मला काय! अण्णा, म्हणजे माझे वडील, शिमग्याच्या आधी गेले आणि तेव्हापासून मला कशाचं काही वाटेनासंच झालं होतं. रडूसुद्धा आलं नाही. तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे ते करपलेले उन्हाळे. कोपरगावकडच्या उसावर पाकोळीची कीड पडली होती, पानं काळी चिकट झालेली. कारखान्यानं औषध फवारायला विमान आणलं होतं. ते नदीपलीकडून यायचं, आमच्या माळावर उतरून औषध भरायचं. तिथं एका खांबावर कापडाची लांब बाही टांगलेली. बाही आडवी झाली म्हणजे वारा, लोंबली म्हणजे नाही. ती धड ठेवणं हे माझं काम. वैमानिकाशी बोलायला वायरलेस नव्हता, तो वरून बाही बघायचा. वारा दिसला की परत फिरायचा, कारण मग औषध भलत्याच्याच रानात जातं.

रेडिओ रोज संध्याकाळी एकच सांगायचा : हवामान कोरडे राहील, दुपारनंतर जोराचे वारे. ते मात्र खरं होतं. ऊन चढलं की माळावर वावटळी उठायच्या आणि विमान खडकाळ वाटेवरच्या बैलगाडीसारखं आदळायचं. उडायला मिळायची ती फक्त सकाळ.

आमच्या रानाची पाळी शेवटच्या सकाळी होती. त्यानंतर विमान श्रीगोंद्याकडं जाणार. आमचा ऊस अण्णांनी स्वतः लावलेला. आई म्हणायची, "त्यांच्या हातचं तेवढंच उरलंय बाबा. ते बी गेलं तर मी बघू कशाकडं?" मी "व्हय" म्हणायचो आणि जेवायचो.

आदल्या दुपारी वावटळीनं बाहीच्या चिंध्या केल्या. घरी येऊन सांगितलं, तर आईनं ट्रंकेतून अण्णांचा पांढरा फेटा काढला आणि कात्री घेतली. दुहेरी करून बाही शिवली. मी समोर बसून बघत होतो. अण्णांच्या फेट्यावर कात्री चालली तरी आत काही हललं नाही. आपण लाकूड झालो की काय, असं वाटून गेलं, बस्स.

सकाळी आई माझ्याबरोबर माळावर आली. तिला फवारणी बघायची होती. झाडाचं पान हलत नव्हतं. मी बाही चढवली आणि औषधाच्या पिंपांपाशी जाऊन बसलो. विमान आलं, एक फेरी मारली, उतरलं नाही. दुसरी मारली. मग नाक नदीकडं वळवलं.

"च्यायला, ह्याला काय झालं?" कारखान्याचा मुकादम ओरडला.

मी वर पाहिलं. वारा नव्हता आणि बाही आडवी, ताठ झालेली होती. मी नुसता बघत राहिलो.

आईनं कपाळावर हात मारला. "अगं बाई, कांजी! शिवून झाल्यावर कांजीत बुडवला की रं मी! त्यांचा फेटा बिनकांजीचा कधी उंबऱ्याबाहेर गेलाय का? उतरव आधी!"

मी दोरी सोडली. आईनं बाही पाण्याच्या पिंपात कोंबली आणि दोन्ही हातांनी खसाखसा चोळली. पाणी दुधाळ झालं. ती स्वतःशीच बडबडत होती, "जाऊ नका म्हणावं, थांबा जरा." मुकादम आणि गडी फवारणीची हद्द दाखवायची निशाणं घेऊन धावले, हलवत सुटले. विमान लांबून वळलं. मी बाही भराभर वर ओढली.

ती खांबाला लागून खाली लोंबली. टपटप पाणी गळत होतं. विमान उतरलं, औषध भरून आमच्या उसावर गेलं. सगळे तिकडं बघत होते. मी वर बघत होतो. जन्मात कधी अण्णांचा फेटा मान टाकलेला मी पाहिला नव्हता. अण्णा गेले, हे मला तेव्हा कळलं. तोंड दाबून धरलं, तरी हुंदका फुटलाच.

आईनं ओले हात पदराला पुसले. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा खांबाकडं.

"रडतोस कशापायी? वारा न्हाई, म्हणून पडलाय त्यो."